मित्रांच्या ऑनलाइन अंदाज-खेळात दर आठवड्याला वाद होत असतील, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

उत्तर जाहीर होताच दोन जण ‘मी जिंकलो’ असे लिहितात आणि दोघांकडेही पुरावा असतो. मुदतीच्या शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजांची एकदम गर्दी होते आणि विजेता बहुतेक वेळा त्या गर्दीतलाच निघतो. एकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजाहून नेमका एकने जास्त किंवा एकने कमी असतो आणि हे पुन्हा पुन्हा घडते. दुबईतल्या किंवा लिस्बनमधल्या मित्राचा अंदाज ‘उशिरा आला’ म्हणून बाद होतो व पुढच्या आठवड्यापासून तो खेळायचे सोडून देतो. एकाच प्रश्नातल्या गुणांमुळे बाकीच्या दहा प्रश्नांना अर्थ उरत नाही. प्रश्न घालणाऱ्याच्या जवळचे कोणी जिंकले की ग्रुपवर शांतता पसरते. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, अभिनंदन मात्र कोणी करत नाही.

मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो. शाळासोबत्यांच्या, चुलत-मामेभावंडांच्या आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या अशा तीन ग्रुपांवर मी पंचाचे काम केले आहे आणि तिन्ही ठिकाणी हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. आमचा खेळ मुख्यतः पावसाळी आहे. जूनमध्ये पाऊस लागला की तो सुरू होतो आणि चतुर्थीच्या आधी संपतो. प्रश्न पावसाचे, धरणाचे, मासळीच्या भावाचे, देवळांचे आणि जुन्या पुलांचे असतात. या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली: वाद झाला की आपण आधी माणसावर संशय घेतो, पण दोष बहुतेक वेळा प्रश्नाच्या वाक्यात किंवा नियमातल्या एखाद्या न लिहिलेल्या ओळीत असतो. म्हणून पुढची तपासणी वाक्यापासून सुरू होते आणि माणसापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचते. कृपया हा क्रम बदलू नका. वरच्या पायऱ्यांना काही खर्च नाही आणि मैत्रीही पणाला लागत नाही. खालच्या पायऱ्यांवर दोन्ही गोष्टी लागू शकतात.

प्रश्नाचे वाक्य: खर्च नाही, वेळ दोन मिनिटे

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकदा प्रश्न होता, ‘शनिवारी पणजीत किती पाऊस पडेल?’ वाळपईच्या मित्राने ‘चार इंच’ लिहिले, काणकोणच्या मैत्रिणीने ‘६० मिमी’. निकालाच्या वेळी दोघांनीही वर्तमानपत्रातल्या आकड्याचा फोटो टाकला आणि दोन्ही फोटो खरे होते. मित्राने शनिवारच्या तारखेचा आकडा घेतला होता, मैत्रिणीने रविवारच्या तारखेचा. रात्री साडेअकरापर्यंत मेसेज चालू राहिले, त्यात दहावीच्या वर्गातल्या जुन्या गोष्टी निघाल्या, आणि शेवटी ‘लेफ्ट’ अशी करड्या अक्षरांतली एक ओळ पडद्यावर उमटली. कोणीही लबाडी केली नव्हती.

झाले होते ते असे. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजते आणि त्या सकाळच्या तारखेखाली नोंदवते. म्हणजे नोंदवहीत ‘शनिवार’ म्हणून दिसणारा पाऊस शुक्रवारी सकाळी ८.३० पासून शनिवारी सकाळी ८.३० पर्यंत पडलेला असतो. त्यात शनिवारचे फक्त साडेआठ तास येतात. जो मनुष्य खिडकीतून शनिवारचा पाऊस पाहतो आणि जो मनुष्य शनिवारचा आकडा वाचतो, ते दोघे वेगवेगळ्या पावसाबद्दल बोलत असतात. त्यात गोव्यात अजूनही पाऊस इंचांत सांगायची सवय आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे ‘चार इंच’ आणि ‘१०० मिमी’ हे एकच धरायचे की नाही, हाही प्रश्न उभा राहतो.

दुरुस्त वाक्य असे झाले: ‘शनिवारी सकाळी ८.३० ते रविवारी सकाळी ८.३० या चोवीस तासांत हवामान खात्याच्या पणजी केंद्रात नोंदलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये, खात्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्याप्रमाणे.’ वाक्य लांब आहे, पण कधीपासून कधीपर्यंत, कुठे, कोणत्या मापात आणि कोणाच्या आकड्यानुसार, या चारही गोष्टी त्यात आहेत. यांपैकी एक जरी गळली तरी वाद तिथूनच सुरू होतो.

हीच कसोटी इतर प्रश्नांना लावून पाहा. ‘शुक्रवारच्या म्हापसा बाजारात बांगड्याचा वाटा किती रुपयांना मिळेल?’ हा प्रश्न ऐकायला छान वाटतो, पण वाट्यात किती बांगडे, सकाळी आठचा भाव की दुपारी बाराचा, आणि घासाघीस करण्यापूर्वीचा की नंतरचा, हे त्यात नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत भाव वेगळ्याच कारणांनी चढलेले असतात, त्यामुळे जुलैच्या अखेरीस घातलेला आणि ऑगस्टच्या मध्यास घातलेला प्रश्न एक नसतो. ‘नार्व्याच्या सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार कधी झाला?’ याला शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे १६६८ हे वर्ष उत्तर आहे आणि अलीकडच्या कामानंतरचे २०२३ हेही आहे. ‘मोपाचा विमानतळ कधी सुरू झाला?’ याला उद्घाटनाची ११ डिसेंबर २०२२ आणि प्रत्यक्ष उड्डाणे सुरू झाल्याची ५ जानेवारी २०२३ अशा दोन तारखा आहेत. ‘साळावली धरण कधी भरेल?’ यापेक्षा ‘साळावलीची पातळी ४१.१५ मीटरला पोहोचून सांडव्यावरून पाणी वाहू लागल्याची बातमी ज्या तारखेची असेल ती तारीख’ असे लिहिले, तर वादाला जागा राहत नाही.

ठिकाण ओळखण्याच्या प्रश्नात उत्तर किती नेमके हवे, तेही आधीच सांगावे. देवळाचा फोटो टाकला आणि कोणी ‘शांतादुर्गा’ लिहिले, तर ते बरोबर धरायचे का? कवळ्याची, फातर्प्याची, धारगळची अशा अनेक शांतादुर्गा गोव्यात आहेत. ‘देवता आणि गाव दोन्ही लिहावे’ एवढ्या पाच शब्दांनी हा प्रश्न सुटतो. गावाचे मराठी नाव आणि पाटीवरचे इंग्रजी वळणाचे नाव, डिचोली आणि बिचोलिम, पेडणे आणि पेर्नेम, दोन्ही ग्राह्य धरावीत. शुद्धलेखनावरून कोणाचे गुण कापू नयेत.

वाक्य नीट झाले आहे की नाही, हे पाहण्याची माझी पद्धत साधी आहे. खेळात नसलेल्या एका माणसाला ते वाचायला देतो. माझ्या घरी हे काम बहीण करते. तिला उत्तर विचारत नाही. ‘उत्तर तू कुठे बघशील?’ एवढेच विचारतो. ती क्षणभर जरी अडखळली तरी वाक्य पुन्हा लिहितो. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक भांडणे या एका पायरीवर थांबली आहेत, म्हणून पुढे जाण्यापूर्वी इथे दोन आठवडे थांबून पाहावे.

घड्याळ

‘रात्री नऊपर्यंत’ ही मुदत अपुरी आहे, कारण कोणाच्या गावचे नऊ, हे तिच्यात नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. लंडन आणि लिस्बन उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे नेली की हे अंतर साडेपाच तासांचे होते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचारावर येते. चतुर्थीला संपणाऱ्या खेळाला या बदलाचा त्रास होत नाही, पण दिवाळीत किंवा शिगम्यात खेळणाऱ्यांना होतो. प्रश्नाखाली ‘भारतीय वेळ रात्री ९, दुबई ७.३०, लिस्बन दुपारी ४.३०’ अशी ओळ लिहावी. परदेशातल्या मित्राला हिशेब करावा लागत नाही आणि आपली आठवण ठेवली जाते, हे त्याला जाणवते. आमच्या ग्रुपवर ही ओळ लिहायला लागल्यापासून गप्प झालेले दोघे परत खेळू लागले.

पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतो, सत्तरी तालुक्यातल्या काही वाड्यांवर तर रेंज मुळातच कमी असते. त्यामुळे अंदाज पंचाच्या फोनवर ज्या वेळी पोहोचेल तीच वेळ धरावी, आणि अडचण असलेल्याला मुदतीपूर्वी साधा फोन करून अंदाज सांगण्याची मुभा असावी.

उघडे अंदाज

वाक्य आणि घड्याळ दुरुस्त करूनही शेवटच्या दहा मिनिटांतली गर्दी राहत असेल, तर कारण बहुधा हे आहे की अंदाज सर्वांना दिसतात. समजा, एकाने ६० मिमी लिहिले, दुसऱ्याने ८०. नवाला एक मिनिट असताना तिसरा ८१ लिहितो. त्याला पावसाबद्दल काही कळण्याची गरज नाही, ८०.५ मिमीच्या वरचा सगळा प्रदेश आता त्याचा झाला आणि ८० म्हणणाऱ्याने विचारपूर्वक निवडलेला आकडा वाया गेला. नियमात बसते, म्हणून याला लबाडी म्हणता येत नाही. पण जिथे उशीर करण्याला बक्षीस मिळते, तिथे सगळे उशीर करायला शिकतात.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. पहिला अंदाज दिसला की पुढचे अंदाज त्याच्याभोवती गोळा होतात. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती आणि तिच्या ७८७ चिठ्ठ्यांचा अभ्यास संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज १२०७ पौंड निघाला आणि खरे वजन ११९८ पौंड होते. लोक चुकले, पण कोणी जास्तीकडे, कोणी कमीकडे, आणि त्या चुका एकमेकींना छेदत गेल्या. प्रत्येकाने स्वतंत्रपणे चिठ्ठी भरली, म्हणून हे घडू शकले. ग्रुपवर उघडे अंदाज टाकले की ही स्वतंत्रता जाते आणि सगळे एकाच बाजूला चुकतात.

उपाय असा की अंदाज पंचाला खासगी मेसेजने पाठवावेत आणि मुदत संपल्यावर पंचाने सगळे एकदम जाहीर करावेत. ग्रुप मोठा असेल तर गुगल फॉर्म वापरावा, मात्र ‘निकालाचा सारांश दाखवा’ ही सोय बंद आहे ना, हे पाहावे. एका माणसाकडून एकच उत्तर घेण्याची सोय त्यात आहे, पण त्यासाठी खात्यात प्रवेश करावा लागतो. आमच्या भावंडांच्या ग्रुपवरच्या दोन काकूंना ते जमेना, म्हणून तिथे आम्ही खासगी मेसेजवरच राहिलो. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल या कामाला योग्य नाही, कारण त्यात कोणी कोणाला मत दिले ते मुदतीआधीच दिसते.

अंदाज उघडेच ठेवायचे असतील, तर निदान बदललेला मेसेज बाद धरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिले होते ते दिसत नाही, त्यामुळे ८.५५ चा अंदाज ९.०५ ला वेगळा झालेला असू शकतो.

या पायरीची एक किंमत आहे: पंचाला सर्वांचे अंदाज दिसतात, म्हणून त्याने त्या आठवड्यात खेळू नये. पंच पाळीपाळीने बदलावा आणि ज्या आठवड्यात तो पंच होता, त्या आठवड्यासाठी त्याला त्याच्या बाकीच्या आठवड्यांची सरासरी द्यावी. शून्य दिले तर पंच व्हायला कोणी तयार होत नाही.

बरोबरी

ज्याने आधी पाठवले तो जिंकला, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो काढून टाकावा. त्यात वेगवान इंटरनेट आणि मोकळा वेळ यांना बक्षीस मिळते. रात्रपाळीवर असलेली परिचारिका आणि घरी बसलेला निवृत्त मनुष्य यांची ती बरोबरी होत नाही. दोघांत बरोबरी झाली तर त्या दोन क्रमांकांचे गुण मिसळून अर्धे अर्धे द्यावेत.

गुण मोजण्याची रीत

इथून काम कठीण होते, कारण गुणांची रीत बदलली की कोणाचे तरी स्थान हलते. म्हणून नवी रीत पुढच्या हंगामापासून लागू करावी. चालू हंगामातले दिलेले गुण, ते चुकीच्या रीतीने दिले असले तरी, मागे जाऊन बदलू नयेत. मी एकदा ते केले. हिशेब निर्दोष होता, पण पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेलेल्या मित्राला तो हिशेब आजही अन्याय वाटतो, आणि मला त्याचे म्हणणे पटते.

पहिले तपासायचे ते हे की वेगवेगळ्या मापांच्या चुका एकत्र मिळवल्या जात आहेत का. पावसात ६० मिमीने चूक, साळावलीच्या तारखेत तीन दिवसांनी चूक आणि बांगड्याच्या भावात २० रुपयांनी चूक, या तिन्हींची बेरीज ८३ करून ज्याची बेरीज कमी तो विजेता ठरवला, तर खेळ फक्त पावसाचा राहतो. धरणाच्या प्रश्नाला कोणी कितीही अभ्यास केला तरी काही फरक पडत नाही. साधा उपाय क्रमांकाचा आहे. नऊ खेळाडू असतील तर सर्वांत जवळच्याला नऊ, त्यानंतरच्याला आठ, असे शेवटी एकपर्यंत. डझनभर माणसांच्या ग्रुपला एवढे पुरे आहे आणि माझा कल याच रीतीकडे आहे, कारण ती काकूंनाही समजते आणि समजलेल्या नियमावर माणसे भांडत नाहीत.

दुसरी तपासणी ‘जवळ’ या शब्दाची. समजा, पाऊस ४० मिमी पडला. एकाने २० म्हटले होते, दुसऱ्याने ६५. वजाबाकीने पाहिले तर पहिला २० ने चुकला, दुसरा २५ ने, म्हणून पहिला जिंकतो. पण पहिल्याने अर्धाच पाऊस सांगितला आहे आणि दुसऱ्याने दीडपटीहून थोडा जास्त. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागले तर पहिल्याचे उत्तर २ येते, दुसऱ्याचे १.६२५, आणि दुसरा जास्त जवळचा ठरतो. पावसाच्या प्रश्नांना भागाकाराची रीत मला अधिक न्याय्य वाटते. वजाबाकीच्या रीतीत कमी सांगून चुकण्याला तळ असतो, कारण पाऊस शून्याखाली जाऊ शकत नाही, तर जास्त सांगून चुकण्याला छप्पर नसते. हे दोनतीन आठवड्यांत सर्वांच्या लक्षात येते, मग सगळेच कमी आकडे सांगू लागतात, आणि जो मनुष्य आभाळ पाहून खरोखर २०० मिमी सांगण्याचे धाडस करतो तोच मागे पडतो. एक अडचण मात्र आहे: पाऊस पडलाच नाही तर शून्याने भागता येत नाही. त्यासाठी दोन्ही आकड्यांत आधी एक मिळवावा. शून्य पाऊस असताना चार सांगणाऱ्याचा भागाकार पाच होतो आणि काम चालते. तारखांना भागाकार लावू नये. तिथे दिवसच मोजावेत.

‘होईल की नाही’ अशा प्रश्नांना तिसरी रीत लागते. ‘मंगळवारी सकाळी ८.३० ला संपणाऱ्या चोवीस तासांत पणजी केंद्रात ६४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला जाईल का?’ हा आमचा आवडता प्रश्न आहे, कारण हवामान खात्याच्या वर्गवारीत मुसळधार पाऊस तिथूनच सुरू होतो. इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ घेतले तर नाणेफेक आणि अभ्यास यांत फरक उरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाकडून टक्के घ्यावेत. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञांनी १९५० साली मांडलेली मोजणी यासाठी वापरतात: घटना घडली तर एक, नाही घडली तर शून्य, त्यातून सांगितलेली शक्यता वजा करून येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा. हा दंड असतो, म्हणजे जितका कमी तितका चांगला. ७० टक्के, म्हणजे ०.७, सांगितले आणि पाऊस झाला तर दंड ०.०९, झाला नाही तर ०.४९.

या रीतीचा गुण असा की मनात आहे ते सांगण्यातच फायदा असतो. ज्याला आतून ७० टक्के वाटते, त्याने तेच सांगितले तर त्याच्या समजुतीप्रमाणे सरासरी दंड ०.२१ पडतो, उगाच ठामपणा दाखवून त्याने १०० सांगितले तर तो ०.३० होतो. आमच्याकडे एक मित्र नेहमी शंभर किंवा शून्यच सांगत असे. एका हंगामात तो तळाला गेला, पुढच्या हंगामात ६० आणि ७५ असे आकडे सांगू लागला, आणि त्याला कोणी काही समजावण्याची गरज पडली नाही.

हंगाम लांबल्यामुळे होणारा कंटाळा

सातव्याआठव्या आठवड्यात खालचे लोक गळू लागले, तर नियम अन्यायकारक आहे असे नव्हे. त्यांना परत वर येण्याची वाट उरलेली नाही, एवढेच. बारा आठवड्यांपैकी प्रत्येकाचे सर्वोत्तम आठ आठवडे धरावेत. आजारपण, मुलांच्या परीक्षा, चतुर्थीआधीची माटोळीची (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताची) आणि फराळाची धावपळ, या सगळ्याला त्यात जागा मिळते.

फोटोचे प्रश्न

फोटो पाहून ठिकाण ओळखायचे असेल आणि एकच जण दोन मिनिटांत अचूक उत्तर देत असेल, तर आधी फोटो कसा पाठवला ते पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की त्यात दडलेली स्थाननोंद तशीच जाते. साधा फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते. त्यानंतर राहतो तो गुगलवर फोटो शोधण्याचा प्रश्न. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचा पूर्ण फोटो कोणतेही शोधयंत्र ओळखते. त्याऐवजी स्वतः काढलेला, पूर्वी कुठेही न टाकलेला, एखाद्या तपशिलाचा फोटो द्यावा: तांबडी सुर्लाच्या देवळातल्या दगडी जाळीचा एक कोपरा, जुन्या घराच्या चिऱ्याच्या पायरीवरची झीज, पणजी-रायबंदर मार्गावरच्या १६३४ सालच्या पुलाची एखादी कमान. शोधयंत्रावर बंदी घालून ती पाळली जाते की नाही हे तपासत बसण्यापेक्षा, जिथे त्याचा उपयोगच होत नाही असा प्रश्न घालणे केव्हाही सोपे.

पंचावरचा अविश्वास

इथपर्यंत सगळे करूनही कुजबुज थांबत नसेल, तर पंचाने उत्तर मागाहून बदलले असावे अशी शंका असते. पावसासारख्या प्रश्नात ती निराधार आहे, कारण उत्तर बाहेरून येते. पण ‘माझ्या अंगणातल्या माडाला यंदा किती नारळ लागले?’ अशा प्रश्नाचे उत्तर फक्त पंचाला माहीत असते.

स्वस्त उपाय चिठ्ठीचा आहे. प्रश्न टाकण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहून ते खेळात नसलेल्या माणसाकडे द्यावे. आमच्या घरी ती घडी आईकडे असते, स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्याखाली, आणि निकालाच्या वेळी आईच ती व्हिडिओ कॉलवर उघडून वाचते. तिच्या शब्दाबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

सगळे दूरदूर असतील तर एसएचए-२५६ नावाची संगणकीय मोहोर वापरता येते. मजकूर दिला की तिच्यातून ६४ अक्षरांची एक ओळ निघते. ती ओळ आधी ग्रुपवर टाकायची आणि निकालाच्या वेळी मूळ मजकूर उघड करायचा. कोणीही तो पुन्हा मोहोरेत घालून ओळ जुळते का ते पाहू शकतो. नुसता आकडा मोहोरबंद करू नये, कारण एकपासून हजारपर्यंतचे आकडे घालून पाहायला कोणालाही वेळ लागत नाही. आकड्यासोबत एखादे लांब, आठवणीतले वाक्य जोडावे. मजकूर जपून ठेवावा, कारण एक मोकळी जागा बदलली किंवा देवनागरी अंकाच्या जागी इंग्रजी अंक आला, तरी सगळी ओळ बदलते आणि खरे बोलणारा पंच खोटा ठरतो.

याच पायरीवर आतल्या माहितीचाही विचार करावा. धरणावर नोकरी करणारा किंवा मासळीचा घाऊक व्यवहार करणारा मित्र ग्रुपवर असेल, तर त्याने तसे आधी सांगावे आणि त्या प्रश्नापुरते पंच व्हावे. त्याला दूर ठेवल्याची भावना येत नाही आणि उत्तरही जाणकाराकडून मिळते.

आणि मग माणूस. सगळ्या पायऱ्या झाल्यावरही एकजण नियम मोडतो हे स्पष्ट दिसत असेल, तर त्याला फोन करून किंवा चहाला बोलावून विचारावे, ग्रुपवर नव्हे. चौघांसमोर विचारलेल्या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, तो स्वतःचा बचाव करतो.

इथे थांबावे आणि जाणकाराला विचारावे

खेळात पैसे आले की पंचाचे काम संपते. प्रत्येकी पन्नास रुपये गोळा करून विजेत्याला द्यायचे, असे कोणी सुचवले तर नियम लिहायला बसू नये. आधी वकिलाला विचारावे. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात म्हणून गोव्यात पैजांना मोकळीक आहे, हा समज चुकीचा आहे. ती जहाजे परवान्यावर चालतात. आकड्यांचा मटका बेकायदा आहे आणि सार्वजनिक जुगाराबाबत इथे १९७६ चा कायदा आहे. शिवाय संसदेने मंजूर केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही’ हा बचाव त्यात ठेवलेला नाही. आपल्या ग्रुपची रक्कम लहान आहे, सगळे ओळखीचे आहेत, याने काय फरक पडतो, हे वकिलाने सांगायचे. मी किंवा तुमच्या पंचाने नव्हे. आमच्याकडे विजेत्याला पंचाच्या घरच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा मिळतो आणि कोणाकडूनही एक रुपया घेतला जात नाही.

अंदाजाच्या फॉर्मच्या नावाखाली कोणी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागणारी लिंक ग्रुपवर टाकली आणि कोणाचे पैसे गेले, तर आपसात चौकशी करत वेळ घालवू नये. लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर आणि बँकेला फोन करावा.

ग्रुपवरचा एखादा मित्र इतरत्र पैसे लावत असल्याचे, कर्ज काढत असल्याचे आणि थांबू शकत नसल्याचे कळले, तर तो गुणांचा किंवा नियमांचा प्रश्न नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. त्याच्यासोबत तिथवर जावे.

पैसे आधीच गोळा झाले असतील, तर खेळ त्या दिवशीच थांबवावा, गुणतक्ता आहे तिथे गोठवावा, कोणी किती दिले याची यादी करावी, ग्रुपवरचे मेसेज पुसू नयेत, आणि ती यादी व मेसेज घेऊन वकिलाकडे जावे.